‘झाले असणार’ की ‘व्हावयास हवे होते’?
इंग्रजीतील पूर्ण काळ, भूतकाळवाचक मोडल क्रियापदे आणि क्वेश्चन टॅग यांचा अभ्यास

समजा, एखाद्या गावात गॅस्ट्रोची साथ आली. चौकशी झाली आणि चौकशी अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिले, ‘टाकीतील पाण्याचे क्लोरिनेशन व्हावयास हवे होते.’ पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शपथपत्र इंग्रजीत करावयाचे म्हणून त्या वाक्याचे भाषांतर झाले, ‘द वॉटर इन द टँक मस्ट हॅव बीन क्लोरिनेटेड.’ भाषांतर करणाऱ्याने शाळेत ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ असे पाठ केलेले असते, त्यामुळे त्याला या वाक्यात वावगे काही दिसत नाही. प्रत्यक्षात अर्थ पार उलटा झालेला आहे. मराठी वाक्य सांगते की पाण्यात टीसीएल पावडर टाकली गेली नाही आणि ही चूक झाली. इंग्रजी वाक्य सांगते की पावडर नक्कीच टाकली गेली असणार. एका शब्दाने दोषी निर्दोष ठरतो, किंवा निर्दोष माणूस दोषी ठरतो. येथे हवा होता तो शब्द ‘शुड’ हा होय.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 अन्वये राज्याची राजभाषा मराठी आहे व राज्यकारभार मराठीतून चालतो. तरीही संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या कामकाजाची भाषा सर्वसाधारणपणे इंग्रजी आहे. अन्य राज्यांशी होणारा पत्रव्यवहारही बहुधा इंग्रजीतच होतो. शिवाय सन 2000 पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात आहे. म्हणजे इंग्रजी वाक्य बिनचूक लिहिण्याची गरज कचेरीत आहे तशी खेड्यातील शाळेच्या वर्गातही आहे.

या चुका अज्ञानामुळे कमी आणि मराठीच्या सवयीमुळे अधिक होतात. मराठीतही पूर्ण काळ आहेत, अनुमान व कर्तव्य सांगणारी रूपे आहेत, ‘ना’ आणि ‘नाही का’ आहेत. मात्र मराठीने त्यांची वाटणी वेगळ्या रीतीने केली आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्यांनी इंग्रजी गिरविले, त्या मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून शिकल्या. ही पद्धत आज जुनी मानली जाते. परंतु दोन भाषांचे मार्ग नेमके कोठे फुटतात हे दाखविण्यास तिच्याइतकी सोयीची दुसरी पद्धत क्वचितच सापडेल.

‘आहे’ म्हणजे ‘हॅव’ नव्हे

‘आपले पत्र काल मिळाले आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी, ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर येस्टरडे’, हे मात्र चुकीचे आहे. इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ भूतकाळातील क्रिया वर्तमानाशी जोडतो. ‘काल’, ‘12 मे रोजी’, ‘गेल्या आठवड्यात’, ‘2019 मध्ये’ असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की तो धागा तुटतो आणि साधा भूतकाळ वापरावा लागतो: ‘आय रिसीव्ह्ड युअर लेटर येस्टरडे.’ दिवस सांगावयाचा नसेल, पत्र हाती आहे एवढेच कळवावयाचे असेल, तर ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’ हेच योग्य. कार्यालयीन पत्रांत ही चूक जितक्या वेळा दिसते तितकी दुसरी क्वचितच दिसत असेल, कारण तेथे प्रत्येक गोष्टीला दिनांक असतो.

उलट बाजूचीही एक चूक आहे. मराठीत नुकतीच संपलेली क्रिया साध्या भूतकाळाने सांगता येते. ‘जेवलात का?’, ‘चहा घेतला का?’, ‘एसटी आली!’ या वाक्यांत ‘आहे’ कोठेच नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मात्र येथे ‘हॅव यू हॅड युअर लंच?’ असे विचारतात, कारण प्रश्न आताच्या पोटाविषयी आहे, गेलेल्या घटकेविषयी नाही.

काळाचा कालावधी सांगताना तिसरी अडचण येते. ‘मी दहा वर्षांपासून या शाळेत शिकवतो’ याचे ‘आय ॲम टीचिंग इन धिस स्कूल सिन्स टेन इयर्स’ असे भाषांतर सर्वत्र ऐकू येते. त्यात दोन दोष आहेत. जी क्रिया पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू आहे तिला इंग्रजीत ‘हॅव बीन’ लागते. आणि मराठीतील एकाच ‘पासून’साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. आरंभाचा क्षण सांगावयाचा तर ‘सिन्स’ (सिन्स 2015), कालावधीची लांबी सांगावयाची तर ‘फॉर’ (फॉर टेन इयर्स). म्हणून शुद्ध वाक्य असे: ‘आय हॅव बीन टीचिंग इन धिस स्कूल फॉर टेन इयर्स.’ विद्यार्थ्यांना हे समजावताना मराठीतील ‘शिकवीत आलो आहे’ या रूपाची आठवण द्यावी. ‘गेली दहा वर्षे शिकवीत आलो आहे’ यात इंग्रजीचा सगळा अर्थ आहे. जेथे ‘-त आलो आहे’ बसते, तेथे बहुधा ‘हॅव बीन’ बसते.

असाच एक दुवा ‘जाऊन येणे’ या क्रियेत सापडतो. ‘तहसीलदार मुंबईला गेले आहेत’ म्हणजे ते आज भेटणार नाहीत: ‘हॅज गॉन टू मुंबई’. ‘तहसीलदार मुंबईला जाऊन आले आहेत’ म्हणजे ते कचेरीत बसलेले आहेत: ‘हॅज बीन टू मुंबई’. इंग्रजीतील हा भेद पुष्कळांना अवघड वाटतो. मराठी माणसाला तो वाटण्याचे कारण नाही.

‘अनुदान मंजूर झाले आहे’, ‘रस्ता पूर्ण झाला आहे’ अशी ‘झाले’ची वाक्ये इंग्रजीत नेताना कर्मणी रूप लागते: ‘द ग्रँट हॅज बीन सँक्शन्ड’, ‘द रोड हॅज बीन कम्प्लीटेड’. यातील ‘बीन’ गाळले तर रस्त्यानेच काही काम पूर्ण केले असा भास होतो, आणि आपले रस्ते तसे करीत नाहीत.

‘होते’चा मोह

‘मी परवा पुण्याला गेलो होतो’ असे मराठीत सहज म्हटले जाते. दुसऱ्या कोणत्याही घटनेचा संदर्भ नसला तरी चालते. इंग्रजीत ‘आय हॅड गॉन टू पुणे’ एवढेच म्हटले तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. गेला होतास, मग काय झाले? इंग्रजीतील पूर्ण भूतकाळ दोन गतघटनांतील आधीची घटना कोणती हे दाखवितो. एकच घटना असेल तर साधा भूतकाळ पुरे: ‘आय वेंट टू पुणे.’

पण जेथे क्रम महत्त्वाचा आहे, तेथे हाच काळ न वापरणे महागात पडते. पूरग्रस्त भागाच्या पाहणीचे उदाहरण पुरेसे आहे. ‘व्हेन द टीम रीच्ड द व्हिलेज, द वॉटर रिसीडेड’ म्हणजे पथक पोहोचले आणि मग पाणी ओसरले. ‘व्हेन द टीम रीच्ड द व्हिलेज, द वॉटर हॅड रिसीडेड’ म्हणजे पथक पोहोचण्यापूर्वीच पाणी ओसरलेले होते. पहिल्या वाक्यात पथकाने पूर डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्यात त्याने फक्त चिखल व भिंतींवरील खुणा पाहिल्या. नुकसानीचा अंदाज कशाच्या आधारे केला, हा प्रश्न उद्भवला तर उत्तर या एका ‘हॅड’मध्ये आहे.

पूर्ण भविष्यकाळाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ‘बाय 31 मार्च द वर्क विल हॅव बीन कम्प्लीटेड’, म्हणजे त्या दिवसापर्यंत काम संपलेले असेल. ‘बाय’ऐवजी ‘ऑन’ लिहिल्यास काम त्याच दिवशी संपणार असा अर्थ होतो. मार्चअखेरीचा खर्च पाहिला तर तो अर्थही कधी कधी खरा ठरतो.

अनुमान आणि दोषारोप

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘वुड’ या मोडल क्रियापदांपुढे ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप आले की ती भूतकाळाविषयी बोलू लागतात. त्यांचे दोन स्वतंत्र गट पाडल्याशिवाय गोंधळ मिटत नाही. एक गट अनुमानाचा आहे: काय घडले हे बोलणाऱ्याने पाहिलेले नाही, पुराव्यावरून तो अंदाज करतो. दुसरा गट घडले नाही त्याविषयीचा आहे: काय घडले हे माहीत आहे, आणि त्याऐवजी काय घडावयास हवे होते वा घडू शकले असते हे सांगावयाचे आहे.

अनुमानाच्या गटात मराठी फार सूक्ष्म आहे. ‘पत्र पोहोचले असणार’ यात खात्री आहे. ‘पोहोचले असावे’ यात बरीच शक्यता आहे. ‘पोहोचले असेल’ यात शक्यता आहे पण जबाबदारी नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘मस्ट हॅव रीच्ड’, दुसऱ्या व तिसऱ्यासाठी ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव रीच्ड’ वापरावे, आणि ‘असावे’ची शक्यता अधिक ठळक करावयाची असल्यास ‘प्रॉबेब्ली’ जोडावे. ‘पोहोचणे शक्यच नाही’ याला ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव रीच्ड’. येथे ‘मस्टन्ट हॅव’ लिहू नये. आणि ‘असावे’ला ‘मस्ट’ हे भाषांतर करू नये. पुरावा जेवढा आहे तेवढाच शब्द वापरावा. शवविच्छेदनाचा, आगीचा किंवा अपघाताचा अहवाल लिहिताना ‘असावे’चे ‘मस्ट’ झाले तर संशयाचे रूपांतर निष्कर्षात होते.

दुसऱ्या गटात ‘शुड हॅव’ व ‘ऑट टू हॅव’ ही कर्तव्य चुकल्याची रूपे आहेत: करावयास हवे होते, केले नाही. ‘शुड नॉट हॅव’ म्हणजे करावयास नको होते, पण केले. ‘कुड हॅव’ म्हणजे करता आले असते: संधी होती, घेतली नाही. दोषाची तीव्रता येथे स्पष्टपणे बदलते. ‘शी कुड हॅव इन्फॉर्म्ड द हेल्थ सेंटर’ यात केवळ शक्यता दाखविली आहे. ‘शी शुड हॅव इन्फॉर्म्ड’ यात कर्तव्यच्युती आहे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात नोंद होणार असेल तर कोणते वाक्य लिहावयाचे हे लिहिणाऱ्याने थांबून ठरविले पाहिजे.

मग ‘पाहिजे’ या अर्थाच्या ‘मस्ट’चा भूतकाळ काय? तो ‘हॅड टू’ हा होय. ‘त्यांना रात्रीच निघावे लागले’: ‘दे हॅड टू लीव्ह ॲट नाइट.’ निघावे लागले आणि ते निघाले. याप्रमाणे ‘मस्ट हॅव’, ‘शुड हॅव’ आणि ‘हॅड टू’ ही तीन रूपे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात: केले असणार, करावयास हवे होते पण केले नाही, करावे लागले म्हणून केले. वर्गात फळ्यावर ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहून ठेवली आणि प्रत्येकापुढे ‘काम झाले की नाही?’ एवढाच प्रश्न विचारला, तर अर्ध्या तासात जे साधते ते व्याख्या पाठ करून वर्षभरात साधत नाही.

‘जाण्याची गरज नव्हती’ हे मराठी वाक्य गेला की नाही याविषयी मौन पाळते. इंग्रजीत ‘ही नीडन्ट हॅव गॉन’ म्हणजे गेला, पण खेप व्यर्थ. ‘ही डिडन्ट नीड टू गो’ म्हटले की बहुधा तो गेलाच नाही असा समज होतो. प्रवासभत्त्याचे देयक तपासणाऱ्याने हा भेद अवश्य लक्षात ठेवावा.

‘असता’ची जोडी

‘वेळीच इशारा मिळाला असता तर जीवितहानी टळली असती.’ मराठीत दोन्ही उपवाक्यांत ‘असता-असती’ येते. म्हणून मराठी लेखक इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतो: ‘इफ द वॉर्निंग वुड हॅव बीन रिसीव्ह्ड…’ हे टाळावे. ‘इफ’च्या बाजूला पूर्ण भूतकाळ व दुसऱ्या बाजूला ‘वुड हॅव’: ‘इफ द वॉर्निंग हॅड बीन रिसीव्ह्ड इन टाइम, द लॉस ऑफ लाइफ वुड हॅव बीन ॲव्हर्टेड.’

येथेही शब्दांचे वजन पाहावे. ‘वुड हॅव’ म्हणजे हानी निश्चित टळली असती, ‘कुड हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ म्हणजे टळू शकली असती. पहिले वाक्य कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचे सांगते. तो सिद्ध झाला नसेल तर दुसरे लिहावे.

ना, नाही का, होय ना

मराठी माणूस वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावतो आणि मोकळा होतो. वाक्य कोणत्याही काळाचे असो, कर्ता कोणीही असो, ‘ना’ बदलत नाही. हीच सवय इंग्रजीत गेली म्हणजे ‘यू आर फ्रॉम सातारा, इजन्ट इट?’ असे प्रश्न जन्माला येतात. भारतात बोलण्यात हा ‘इजन्ट इट’ इतका रुळला आहे की त्यावरून कोणाला हसण्याचे कारण नाही. परीक्षेत व लेखी व्यवहारात मात्र तो चालत नाही.

इंग्रजीतील क्वेश्चन टॅग मूळ वाक्यातील साहाय्यक क्रियापद उचलतो, वाक्य होकारार्थी असेल तर नकार घेतो, नकारार्थी असेल तर होकार, आणि कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवतो. ‘द ग्रँट हॅज अराइव्ह्ड, हॅजन्ट इट?’ ‘दे हॅडन्ट चेक्ड द रजिस्टर, हॅड दे?’ साहाय्यक क्रियापदे एकाहून अधिक असतील तर फक्त पहिले घ्यावयाचे: ‘दे शुड हॅव टोल्ड अस, शुडन्ट दे?’ येथे ‘शुडन्ट हॅव दे’ असे कोणी म्हणत नाही. संक्षिप्त रूपे फसवी असतात. ‘हीज गॉन’ मधील शेवटचा ‘ज’ हा ‘हॅज’ आहे, म्हणून ‘हॅजन्ट ही?’; ‘हीज गोइंग’ मधील ‘ज’ हा ‘इज’ आहे, म्हणून ‘इजन्ट ही?’ ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘फ्यू’, ‘लिटल’ हे शब्द दिसायला निरुपद्रवी असले तरी वाक्य नकारार्थी करतात, त्यामुळे टॅग होकारार्थी येतो. ‘आय ॲम’ला ‘आरन्ट आय?’ आणि ‘लेट्स’ला ‘शॅल वी?’ हे अपवाद परीक्षकांच्या विशेष आवडीचे आहेत, तेव्हा ते पाठच करावेत.

खरी अडचण टॅग जोडण्यात नसून त्याला उत्तर देण्यात आहे. ‘तुम्ही नोंदवही तपासली नव्हती ना?’ या प्रश्नाला, तपासली नसेल तर, मराठी माणूस ‘हो, नव्हती तपासली’ असे उत्तर देऊ शकतो. त्याचा ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत ‘यस’ व ‘नो’ वस्तुस्थितीला असतात. तपासली नसेल तर ‘नो, आय हॅडन्ट’. तपासली असेल तर ‘यस, आय हॅड’. ‘यस, आय हॅडन्ट’ असे वाक्य इंग्रजीत नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 प्रमाणेही उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारता येतात आणि इंग्रजीतील सूचक प्रश्न पुष्कळदा याच टॅगच्या रूपाने येतो. अशा वेळी केवळ ‘यस’ म्हणून थांबणाऱ्या साक्षीदाराने काय कबूल केले हे त्यालाही ठाऊक नसते. उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात द्यावे.

बोलताना टॅगचा स्वर चढता ठेवला तर तो खरा प्रश्न असतो. उतरता ठेवला तर केवळ दुजोरा मागितलेला असतो.

सरावासाठी

पुढील वाक्ये इंग्रजीत करावीत. उत्तरे पाहण्यापूर्वी प्रत्येक वाक्यात काम झाले की नाही हे मनाशी ठरवावे.

1. अभियंता पूल पाहून आले आहेत. 2. आपला प्रस्ताव 12 मे रोजी मिळाला आहे. 3. या शाळेला गेली तीन वर्षे मुख्याध्यापक नाहीत. 4. दाखला गहाळ झाला असणार. 5. दाखला जपून ठेवावयास हवा होता. 6. दुसरी प्रत काढण्याची गरज नव्हती, तरी त्याने काढली. 7. लस वेळेवर दिली असती तर जनावर वाचले असते. 8. निधी मिळाला आहे, नाही का? 9. ग्रामसभेला कोणी आले नाही ना?

पहिल्याचे उत्तर ‘द इंजिनिअर हॅज बीन टू सी द ब्रिज’; ते परतले आहेत, म्हणून ‘गॉन’ नव्हे. दुसऱ्यात दिनांक आहे, म्हणून ‘युअर प्रपोजल वॉज रिसीव्ह्ड ऑन 12 मे’. चौथे ‘द सर्टिफिकेट मस्ट हॅव बीन लॉस्ट’ आणि पाचवे ‘द सर्टिफिकेट शुड हॅव बीन केप्ट सेफली’ ही जोडी मुद्दाम शेजारी ठेवली आहे. सहावे ‘ही नीडन्ट हॅव मेड अ सेकंड कॉपी’, सातवे ‘इफ द व्हॅक्सिन हॅड बीन गिव्हन इन टाइम, द ॲनिमल वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’, आठवे ‘द फंड्स हॅव बीन रिसीव्ह्ड, हॅवन्ट दे?’

तिसरे वाक्य अवघड आहे. त्याचे सरळ उत्तर ‘धिस स्कूल हॅज नॉट हॅड अ हेडमास्टर फॉर थ्री इयर्स’ असे होते. ‘हॅज’ आणि ‘हॅड’ एकत्र पाहून विद्यार्थी बिचकतात, परंतु पहिला ‘हॅज’ काळाचा आहे आणि दुसरा ‘हॅड’ हे ‘असणे’ या मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप आहे. ज्याला हे जोडरूप नको असेल त्याने ‘हॅज बीन विदाउट अ हेडमास्टर’ लिहावे.

नववे वाक्य ‘नोबडी केम टू द ग्रामसभा, डिड दे?’ असे होईल. ‘नोबडी’ नकारार्थी असल्याने ‘डिड’, आणि कर्ता एकवचनी दिसत असला तरी सर्वनाम ‘दे’. सभेला खरोखरच कोणी आले नसेल तर याचे उत्तर ‘नो, नोबडी केम’ असे द्यावयाचे. ‘यस’ म्हटल्यास सभा भरली होती असा अर्थ होईल.